पेटीतला वारा

कार्तिक वद्य ११, शके १८४०

काल दादाचा दहावा झाला. घडले ते विसरण्यापूर्वी लिहून ठेवतो. शाळा मी मराठी पाचवीत सोडली, पण छापखान्यात खिळे जुळवता जुळवता शुद्धलेखन बरे झाले आहे, आणि मनातले कागदावर उतरले की मला थोडी झोप लागते.

विश्वामित्रीच्या घाटावर पिंड ठेवला तेव्हा कावळे पुष्कळ होते. तापाच्या साथीमुळे रोज इतके दहावे होतात की कावळे सुस्तावले आहेत, असे भटजी म्हणाले. तरी शेजारच्या पिंडांना ते लगेच शिवले. दादाच्या पिंडाकडे एकही येईना. धनाजीराव माझ्या कानाशी आले. दादाच्या भजनी मंडळीत ते मृदंग वाजवतात. म्हणाले, "काहीतरी राहिलंय त्याचं. बोल की रे, जयसिंगा."

मी म्हणालो, आईला सांभाळीन. कावळे हलले नाहीत. वहिनीला अन्नवस्त्राला कमी पडू देणार नाही, म्हणालो. एक कावळा खाली उतरला, पिंडाभोवती चालला आणि पुन्हा निंबावर जाऊन बसला. ऊन चढले. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग माझ्या तोंडून आपोआप निघून गेले, "दादा, तुझी पेटी बंद पडू देणार नाही. मी शिकेन. वर्षश्राद्धाच्या भजनाला मीच वाजवीन." आणि कावळा शिवला.

घरी येऊन आईला सांगितले. ती म्हणाली, "तू? तुला टाळसुद्धा धरता येत नाही." आत वहिनी घागरीत पाणी ओतत होती. तो आवाज मध्येच थांबला.

मार्गशीर्ष शुद्ध ६

आज पेटी काढली. तिच्यावर धूळ अजिबात नव्हती. वहिनीने पुसून ठेवली असावी.

दादा म्हणजे मानसिंगराव, सरकारी पागेत होता. दोन वर्षांपूर्वी घोडा घसरला, दादा खाली आला आणि उजवे मनगट मोडले. हाडवैद्याने बसवले ते वाकडेच बसले. घास तोंडाशी नेतानाही त्याची बोटे नीट वळत नसत. सगळ्यांना वाटले, पेटी सुटली. पण त्याच दिवाळीपासून तो पुन्हा वाजवू लागला, आणि पहिल्यापेक्षा गोड. फरक एवढाच की ओसरीवर मंडळीत न बसता आत माजघरात, पडद्यामागे बसून वाजवी. मनगटाला गार वारा सोसत नसे. धनाजीराव म्हणत, देवाने एक हात मोडला आणि दुसरा दिला.

धनाजीरावांना पेटी येत नाही, पण सूर कळतो. त्यांनी माझे बोट धरून एका पट्टीवर ठेवले. "ही पांढरी एक. हा तुझा सा. हे तुझं घर. इथून निघायचं, इथं यायचं."

मला वाटले होते, छापखान्यातल्या खणांसारखे असेल. 'क' कुठे, 'र' कुठे, काना कुठे, हे माझ्या हाताला न बघता कळते. पण खिळा उचलायला घाई नसते आणि तो ओरडत नाही. इथे चुकले की सगळ्या गल्लीला ऐकू जाते.

पौष शुद्ध २

डावा हात भात्यावर चालू केला की उजवा थांबतो. उजवा चालू केला की भाता विसरतो आणि सूर मरतो. धनाजीराव म्हणाले, "अरे, गाय दोहताना शेपटी धरून ठेवल्यासारखं काय करतोस?" आई हसली. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

मी सव्वीस वर्षांचा आहे. या वयात बोटे वळत नसतील तर कोणाला विचारावे?

घरात अलीकडे फार शांतता असते. वहिनीच्या हातात काकणे नाहीत, त्यामुळे ती कुठल्या खोलीत आहे हे कळत नाही. पूर्वी न बघता कळायचे. माझ्यासमोर ती येत नाही. ताट ठेवलेले असते, कोणी ठेवले ते दिसत नाही.

माघ वद्य ८

आज घडले ते क्रमाने लिहितो.

छापखान्यात यंत्राचा पट्टा तुटला म्हणून दुपारीच सुटी झाली. मांडवीवरून चालत आलो. आई उंबरठ्यावर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. हल्ली ती दुपारची तिथेच बसते, म्हणते आत अंधार वाटतो. मला पाहताच मोठ्याने ओरडली, "जयसिंगा! आलास होय रे! एवढ्या बपोरचा?" बोलताना आम्ही दुपारला बपोर म्हणतो. मी काही बहिरा नाही. वयामुळे तिलाच कमी ऐकू येत असेल.

माजघरात गेलो. पेटी जागेवर होती, झाकण उघडे होते. सकाळी मी ते लावले होते, याबद्दल माझी खात्री आहे. मी सहज पट्टी दाबली. भात्याला हात लावला नव्हता.

सूर निघाला.

आधी भरून निघाला, मग बारीक होत गेला आणि शेवटी विझला. दादाच्या उशाशी मी बसलो होतो. त्याचा शेवटचा श्वास असाच गेला होता.

भाता मारल्याशिवाय पेटी बोलत नाही, एवढे मला आता कळते. आत वारा होता. कोणाचा तरी होता.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी पाठमोरी उभी होती. पदराने तोंड पुसत होती. आई म्हणाली, "चुलीचा धूर गेला डोळ्यांत." चूल मात्र गार होती. नुकतीच विझवली असावी.

माघ वद्य १२

खात्री करून घ्यावी म्हणून सकाळी पेटीच्या झाकणाला काळा दोरा बांधून गेलो. संध्याकाळी आलो तर दोरा होता. पण गाठ माझी नव्हती.

मी दुहेरी गाठ मारतो, छापखान्यात जुळवलेल्या पानांना मारतात तशी. दादा पागेतली मारी, एक टोक ओढले की सुटणारी. ही यातली कुठलीच नव्हती. साधी होती, पुरचुंडीला मारतात तशी. बराच वेळ विचार केल्यावर लक्षात आले, मनगट मोडल्यावर दादाला पागेची गाठ जमत नसे.

आता शंका उरली नाही. तो येतो.

फाल्गुन शुद्ध ४

शेजारच्या जमनाबेन पाण्याला जाताना थांबल्या. "तमे तो मोटा भाई जेवुंज वगाडो छो हं! बपोरे अमे तो काम मूकीने सांभळीए."

मी थेट दादासारखा वाजवतो आणि दुपारी त्या काम टाकून ऐकतात म्हणे. मी म्हणालो, दुपारी मी छापखान्यात असतो. त्या हसल्या, "तो पछी कोण वगाडे छे?"

आई चटकन पुढे झाली. "हाच. जेवायला येतो ना मधेच, तेव्हा बसतो घडीभर."

मी जेवायला कधीच येत नाही. भाकरी बांधून नेतो. आई धडधडीत खोटे बोलली, आणि बोलताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. म्हणजे तिलाही ठाऊक आहे की दादा येतो. मुलगा भूत झाला, असे कोणती आई चारचौघांत सांगेल? मला तिची फार दया आली. मी विषय काढला नाही. तिनेही काढला नाही.

फाल्गुन वद्य ९

पट्ट्यांवर हळदीचे ठिपके आहेत.

बारीक, मोहरीएवढे. काही पट्ट्यांवर एक, काहींवर दोन. आधी मी हात मागे घेतला, कारण हळद मढ्यालाही लावतात. पुसायला फडके घेतले आणि थांबलो. मी अंगठा सोडून चारच बोटांनी वाजवतो, म्हणून चौथ्या सुरापुढे माझी बोटे संपतात आणि उडी मारावी लागते. ठिपके पाहिले तर उडीच्या जागचा ठिपका इतरांपेक्षा रुंद, अंगठ्याचा होता. अंगठा बोटांखालून आत घेतला की हात आपोआप पुढे सरकतो.

तसे करून पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा सा पासून सा पर्यंत न अडखळता गेलो. परतही आलो.

मी तिथेच बसून रडलो. जिवंतपणी दादा मला कधी शिकवायला बसला नव्हता. "तुझं डोकं अक्षरांचं, तू अक्षरं जुळव," म्हणायचा. आता शिकवतो आहे. सुख वाटावे की पळून जावे, कळत नाही. रात्री ओसरीवर निजतो तेव्हा पाय पोटाशी घेतो.

वैशाख शुद्ध ११

आज चूक केली ती अशी. पहाटे पेटीसमोर बसलो आणि मोठ्याने बोललो, "दादा, सकाळ माझी, बपोर तुझी. तू मला भिववू नकोस, मी तुला अडवणार नाही." स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडले. वळून पाहिले तर कोणी नव्हते.

यात चूक काय, तर धनाजीराव त्याच वेळी दारात आले होते. सगळे ऐकले.

वैशाख शुद्ध १२

धनाजीराव काल दारातूनच परत गेले आणि आज मुद्दाम आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारले, "किती दिवस चाललंय?" मी सगळे सांगितले.

"तुझी हाडं दिसायला लागली आहेत," ते म्हणाले. "मानसिंगराव माझा जिवाभावाचा, पण गेलेल्यानं असं घरात वावरू नये. तोही सुटत नाही, तुम्हीही सुटत नाही. त्याचा जीव त्या पेटीत अडकलाय. विश्वामित्रीत सोडून ये."

"आणि घाटावर बोललो ते?"

"ते कर पुरं. वर्षश्राद्धाला वाजव, आणि दुसऱ्या दिवशी नारळ देऊन सोडू. मी येतो बरोबर."

मला ते पटले. जेवताना आईला सांगितले. आई घास हातात घेऊन नुसती बसली. तेवढ्यात दाराआडून वहिनीचा आवाज आला. दादा गेल्यापासून माझ्याशी ती एक शब्द बोलली नव्हती.

"भावोजी, पाण्यात?"

मी म्हणालो, "दादाच्या सुटकेसाठी, वहिनी."

"पेटी फुगेल. भात्याचं कातडं कुजेल." ती पुढे म्हणाली, "त्यांना सोडवायचं ना तुम्हाला? मग तिला कशाला बुडवता?"

आई म्हणाली, "गप जेव." कोणाला म्हणाली ते कळले नाही.

त्यानंतर ताटे काढायलाही वहिनी आली नाही. आईनेच काढली.

श्रावण वद्य ५

दादा आता दिवसेंदिवस जास्त शिकवतो. पेटी पाण्यात जाणार हे त्याला कळले असावे, म्हणून घाई करत असेल. भजनाची पहिली ओळ ठिपक्यांनी बसली, की ते पुसलेले असतात आणि दुसरीचे उमटलेले असतात. कालचे ठिपके इतके घट्ट दाबलेले होते की हळद पट्टीच्या कडेने ओघळली होती. रागावला आहे का?

जमनाबेन सांगतात, बपोरे हल्ली बारी, म्हणजे आमची खिडकी, लावून घेतलेली असते, तरी ऐकू येते. "एवुं लागे के कोई रडे छे." कोणी रडते आहे असे वाटते म्हणे.

वहिनी फार वाळली आहे. आई म्हणते, उपास धरलेत तिने. कसले ते सांगत नाही.

आश्विन शुद्ध १४

नुसता उजवा हात असेल तर भजन येते. नुसता भाता असेल तर तोही येतो. दोन्ही एकत्र केले की मी पुन्हा पौषातला जयसिंग होतो. कोणी बघत असेल तर तेवढेही नाही.

धनाजीरावांना म्हणालो, मी दादासारखाच आत, पडद्यामागे बसेन. ते म्हणाले, "बस की. आम्हाला सुराशी काम." मला एवढाच आधार आहे. नाही जमले तर दादा अडकून राहील, आणि घाटावर त्याला तसे बोलणारा मीच होतो.

कार्तिक वद्य २, शके १८४१

काल श्राद्ध झाले, संध्याकाळी भजन झाले. जमेल तसे लिहितो.

दिवे लागले, मंडळी ओसरीवर बसली. मी माजघरात पडद्यामागे पेटी घेऊन बसलो. सा धरला. मृदंगावर थाप पडली आणि माझा डावा हात भात्यावर थिजला. सूर विझला. पुन्हा धरला, पुन्हा विझला.

"जयसिंगा, सूर दे की!" धनाजीराव बाहेरून ओरडले. कोणीतरी हसले. "झोपला बहुतेक," असेही कोणी म्हणाले.

मला वाटले, आता दादा येईल. खरोखर वाटले. डोळे मिटून मी म्हणालो, "दादा, ये."

पडदा हलला. आई होती. तिने पडद्याच्या दोन्ही कडा मुठीत धरल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. आमच्याकडे, कारण तोवर वहिनी माझ्यासमोर येऊन बसली होती. कधी आली ते ऐकू आले नाही. तिने पेटी स्वतःकडे वळवली, भाता माझ्या बाजूला आला.

"भाता तुम्ही मारा, भावोजी."

"तुम्हाला येते?"

"दोन्ही येतं मला. पण शब्द तुमचा गेलाय. तुमचा हात लागायला हवा."

आई पाठमोरीच म्हणाली, "बोलत काय बसलात? बाहेर माणसं खोळंबलीत."

मी भाता मारला. तिची बोटे पट्ट्यांवर उतरली. नखांच्या कडांना हळद होती. जिथे मी उडी मारायचो, तिथे तिचा अंगठा खालून सरकला.

वर्षभर मी ज्याला भ्यालो ते माझ्यासमोर बसून पेटी वाजवत होते, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. भीती जायला हवी होती. गेली नाही. कारण तो हात ओळखीचा होता. मनगट मोडल्यानंतर पडद्यामागून जो यायचा, पहिल्यापेक्षा गोड, तोच होता. त्यापुढे विचार केला नाही. भाता चुकला असता.

भजन संपले. धनाजीराव ओसरीवरून म्हणाले, "तोच रे तोच! मानसिंगरावाचा शेवटच्या वर्षातला हात. जसाच्या तसा." वहिनी तोवर उठून गेली होती. मी पडदा सारून बाहेर आलो आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. मंडळी म्हणाली, पोराला भावाची आठवण आली.

आज सकाळी धनाजीराव नारळ आणि पेटी गुंडाळायला नवे पांढरे कापड घेऊन आले. "चल, ऊन चढायच्या आत जाऊन येऊ."

स्वयंपाकघरात कसलाच आवाज नव्हता. भांड्याचा नाही, पावलाचा नाही. आई सुपातले तांदूळ तसेच धरून बसली होती.

"पेटी सोडायची नाही, काका," मी म्हणालो.

"म्हणजे? बोललास ते पुरं झालं की काल."

"बंद पडू देणार नाही, असेही बोललो होतो."

"आणि तो पुन्हा आला म्हणजे? वर्षभर काय हाल झाले तुझे, ते मी बघितलेत ना? छळेल रे तुला."

"छळू दे," मी म्हणालो.

कापड काखेत मारून, नारळ आईपुढे ठेवून ते गेले. ओसरीच्या पायऱ्या उतरताना त्यांनी देवाचे नाव घेतल्याचे ऐकू आले.

मी छापखान्यात निघालो तेव्हा आई दारापर्यंत आली. सुपातला एक खडा उचलून रस्त्यावर टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बपोरचा कधी येशील ना, तर कोपऱ्यावरून खोकत ये."

मी बरे म्हणालो.

मार्गशीर्ष शुद्ध ३

आज छापखान्यात काम थोडे होते. दुपारी सुटलो. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा पेटी ऐकू येत होती. आजची चाल मी कधी ऐकलेली नव्हती. दादाचीही नव्हती. एका जागी अडत होती, मागे जाऊन पुन्हा तिथे येत होती, कोणीतरी स्वतःच शोधत असावे तशी.

जमनाबेन बारीत उभ्या होत्या. त्यांनी मला रस्त्यावर पाहिले, घराकडे पाहिले, आणि बारीतून आत गेल्या.

मी कोपऱ्यावर खोकलो. आई उंबरठ्यावर होती, तिने मान वर केली नाही. मी आणखी एकदा खोकलो.

पेटी थांबली नाही.